ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. या व्यासपीठावर उभे राहावे असे आमचे कर्तृत्व नाही. परंतु या ट्रस्टचे ऋण आमच्यावर आहे. आमचे वडील गेले तेव्हा आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो. त्यापुढील शिक्षण आणि बी.एड.ची पदवी ही दोन्ही ट्रस्टच्या शिष्यवृत्तीमुळे पदरात पडली. ज्या घरचे मीठ खाल्ले, त्या घरच्या माणसांना नकार कसा द्यावा?

आम्ही शिक्षक, तेव्हा शिक्षणावर बोलू अशी आपली अपेक्षा असणार. पण बेळगावचा पावसाळा आता तोंडावर आला आहे. पाऊस आला की गल्लोगल्ली ताप येतो, आणि त्या तापांत डेंगी असतोच. म्हणून आज त्याच तापाविषयी बोलण्याची परवानगी मागतो. डेंगी झालेल्या शंभर माणसांतून कोणाची प्रकृती अचानक ढासळणार, हे आधी ओळखता येते काय, आणि येत असेल तर घरातल्या माणसांनी काय पाहावे, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. वर्गात विज्ञान शिकवणारे मास्तर आहोत. यास्तव हे टिपण ट्रस्टच्या दवाखान्यातील डॉक्टरांना आधी वाचून दाखवले आहे.

हा विषय आम्हीच का निवडला, ते प्रथम सांगितले पाहिजे. 2019 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील यंत्रमागावर कामाला. मुलगा अभ्यासात मध्यम, पण हजेरी पूर्ण. त्याला ताप आला. चार दिवस ताप होता, अंग मोडून निघत होते. डोळ्यांच्या मागे दुखते म्हणे. रक्ताच्या तपासणीत डेंगी निघाला. पाचव्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "सर, ताप उतरला बघा पोराचा. अंग अगदी गार लागतंय. सोमवारची परीक्षा चुकवायला नको म्हणतंय. धाडू काय?"

आम्ही म्हणालो, "ताप उतरला ना? मग काळजीचं काही नाही. दोन दिवस विश्रांती द्या आणि सोमवारी धाडा."

बोलता बोलता वडिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. सकाळपासून पोट दुखते म्हणतो, दोनदा ओकला, औषधाची गरमी असेल. आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. त्या रात्री मुलगा शेवटपर्यंत शुद्धीवर होता. परीक्षेला कोणते धडे आहेत, हे धाकट्या भावाला विचारत होता. पहाटे त्याचे हातपाय बर्फासारखे गार पडले. रिक्षा मिळेपर्यंत सगळे आटोपले.

मंडळी, त्या वर्षी संसर्गजन्य रोगांचा धडा आम्हीच शिकवला होता. डास कोणता, तो कोठे वाढतो, हे मुलांकडून पाठ करून घेतले होते. पण ताप उतरला म्हणजे रोग संपला, ही आमची समजूत त्या कष्टकरी बापाच्या समजुतीपेक्षा तिळभरही शहाणी नव्हती. तो आमच्याकडे शिकलेला माणूस म्हणून विचारायला आला होता. हजेरीपटावरचे ते नाव आम्हाला वर्षअखेरपर्यंत रोज ओलांडून जावे लागले. त्यानंतर आम्ही जे वाचले आणि विचारून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या जुन्या माणसांनी या रोगाला हाडमोड्या ताप असे यथार्थ नाव दिले आहे. बहुतेक रोगी हाडे मोडल्यासारखे कण्हतात आणि आठवड्याभरात उठून कामाला लागतात. 2023 साली आपल्या देशात पावणेतीन लाखांहून अधिक डेंगीरुग्णांची नोंद झाली, आणि नोंदलेले मृत्यू पाचशेच्या आत होते. तेव्हा डेंगी म्हटल्याबरोबर घाबरून जाण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की, पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळे रोगी सारखेच दिसतात. पुढे कोण सुधारणार आणि कोण ढासळणार, हे त्या दिवसांतल्या तापाच्या आकड्यावरून कळत नाही. एकशे चार ताप चढलेला सुखरूप उठतो, आणि एकशे एकवाला संकटात सापडतो.

रोगाचे तीन टप्पे ध्यानात ठेवावेत. पहिला टप्पा तापाचा. तो दोन ते सात दिवसांचा असतो. दुसरा टप्पा धोक्याचा. तो ताप उतरू लागतो त्या सुमारास, म्हणजे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत सुरू होतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकतो. तिसरा टप्पा सुधारणेचा. हिवताप, विषमज्वर यांत ताप उतरणे हे सुचिन्ह मानण्याची आपणांस पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. डेंगीत नेमक्या त्याच वेळी डोळ्यांत तेल घालून बसावे लागते.

या दोन दिवसांत शरीरात काय घडते? वर्गात आम्ही माठाचे उदाहरण देतो. मातीचा माठ पाझरतो, तसे आपल्या बारीक केशवाहिन्यांचे होते. त्यांच्या भिंती एरवी रक्ताला धरून ठेवतात. डेंगीच्या काही रोग्यांत त्या सच्छिद्र होतात आणि रक्तातले पातळ द्रव्य बाहेर पोटात आणि छातीत झिरपते. तांबड्या पेशी मात्र आत राहतात. चुलीवरच्या वरणातले पाणी आटले की डाळ तेवढीच राहून वरण दाट होते, तसे रक्त दाट होते. रक्ताचा हा दाटपणा मोजण्याच्या तपासणीला हेमॅटोक्रिट म्हणतात. तो आकडा साधारणपणे हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो. एखाद्या मुलाचा आकडा 36 होता आणि तो 43 किंवा 44 झाला, म्हणजे पाचव्या हिश्श्याने वाढला, तर पाझर जोराचा आहे असे समजावे. शरीरात पाणी आहे, पण ते नळीच्या बाहेर गेले आहे. मग नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात, मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. यात रक्ताचा एक थेंबही बाहेर दिसावा लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त आले नव्हते, म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

आता प्लेटलेटचा विषय. डेंगी म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट किती?" नातेवाईक फोनवर तेवढाच आकडा विचारतात. हा आकडा निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. तो झपाट्याने एक लाखाच्या खाली येऊ लागला, तर धोक्याचा टप्पा जवळ आला एवढे तो सांगतो. पण एकट्या त्या आकड्यावर भविष्य वर्तवता येत नाही. प्लेटलेट उतरत आहेत आणि त्याच वेळी हेमॅटोक्रिट चढत आहे, ही जोडी पाहावी लागते. प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी धावाधाव करणारेही आपण पाहतो. 2017 साली सिंगापूर आणि मलेशियातील 372 प्रौढ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या प्लेटलेट 20,000 किंवा त्याहून कमी होत्या, पण मोठा रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना प्लेटलेट चढवल्या, निम्म्यांना नाही. चढवल्यामुळे रक्तस्राव टळला असे दिसले नाही. उलट चढवलेल्यांत दुष्परिणाम जास्त आढळले. रक्तस्राव चालू असेल तेव्हा काय करावे हे डॉक्टर ठरवतील. केवळ आकडा पाहून पिशवीचा हट्ट आपण धरू नये. पपईच्या पानांच्या रसाचेही असेच आहे. आकडा थोडा वाढला तरी केशवाहिन्यांचा पाझर त्याने थांबतो असे सिद्ध झालेले नाही.

मग पाहावे तरी काय? 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेने डेंगीची नवी वर्गवारी केली आणि त्यात धोक्याच्या खुणा नेमून दिल्या. त्या साध्या बोलीत सांगतो, कारण त्यांतल्या बहुतेक घरच्या माणसालाच सर्वांआधी दिसतात. पोटात सतत दुखणे किंवा दाबल्यावर दुखणे. पुन्हा पुन्हा ओकारी होणे. नाक, हिरड्या यांतून रक्त येणे, उलटीत रक्त वा काळी शौचास होणे, पाळीत नेहमीपेक्षा अधिक रक्त जाणे. पोट फुगणे किंवा धाप लागणे. मूल मलूल होणे, किंवा उलट, एका जागी स्वस्थ न पडता तळमळत राहणे. यकृत वाढणे आणि हेमॅटोक्रिट चढणे या दोन खुणा डॉक्टरांनी पाहावयाच्या. 2021 साली शंभराहून अधिक अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली, तिच्यातही ओकारी, पोटदुखी, हिरड्यांतून रक्त आणि पोटाछातीत साठणारे पाणी याच गोष्टी पुढील संकटाच्या सूचक ठरल्या. आमच्या विद्यार्थ्याच्या बापाने त्या दिवशी यांतल्या दोन आमच्यासमोर उच्चारल्या होत्या.

याखेरीज दोन गोष्टी सांगतो. पहिली लघवी. चार ते सहा तासांत लघवी झाली नाही तर ते शरीराचे मागणे समजावे. दुसरी रक्तदाबाच्या दोन आकड्यांतील अंतर. 110 आणि 70 यांत 40 चे अंतर आहे. पाझर वाढला की वरचा आकडा पुष्कळ वेळ टिकून राहतो, खालचा वर चढतो, आणि अंतर 20 किंवा त्याहून कमी होते. वरचा आकडा 100 आहे म्हणून आपण निश्चिंत असतो आणि रोगी त्याच क्षणी कड्याच्या टोकाला असतो. तो नीट बोलत असतो, शुद्धीवर असतो. "बोलतो आहे ना, मग ठीक आहे" या शब्दांवर विसंबू नये.

कोणाकडे अधिक लक्ष द्यावे? तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, स्थूल प्रकृतीचे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेले, आणि घरात एकटे राहणारे. आणखी एक वर्ग आहे, तो म्हणजे ज्यांना डेंगी दुसऱ्यांदा होतो. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापुरते जन्मभर संरक्षण मिळते, पण दुसऱ्या प्रकाराची गाठ पडली की पहिल्या वेळचे प्रतिपिंड कधी कधी शत्रूलाच पेशीत शिरण्यास मदत करतात. बँकॉक येथे काम करणारे अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड यांनी 1960 च्या दशकात ही गोष्ट पुढे आणली. क्यूबा देशात 1977 साली पहिल्या प्रकारची साथ आली आणि ती सौम्य होती. 1981 साली दुसऱ्या प्रकारची आली, तेव्हा दीडशेहून अधिक माणसे दगावली. म्हणून "मला मागे होऊन गेला, आता भीती नाही" असे कोणी म्हणू नये. मागे होऊन गेला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बँकॉकचे नाव निघाले म्हणून तेथील हकीकत सांगतो. तेथे 1958 साली या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा इस्पितळांत दाखल झालेल्या मुलांपैकी शेकडा दहाहून अधिक मरण पावली. तेथील मुलांच्या इस्पितळात डॉक्टर सुचित्रा निम्मान्नित्या नावाच्या बाई होत्या. ताप उतरण्याच्या सुमाराला मुलांची नाडी, रक्तदाब, हेमॅटोक्रिट वारंवार पाहावे, आणि त्या मापाने शिरेतून पाणी द्यावे, कमी नाही आणि जास्तही नाही, ही पद्धत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. तीच पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांत आली. थायलंडमधील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. या विषाणूला मारणारे औषध तेव्हा नव्हते, आणि आजही डॉक्टरांच्या हाती नाही. केवळ योग्य वेळी पाहिल्याने आणि मोजून पाणी दिल्याने ही मुले वाचली. ट्रस्टसारख्या संस्थेला यापेक्षा आशादायक गोष्ट कोणती असणार?

"मोजून" हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. एक-दोन दिवसांनी पाझर थांबतो आणि बाहेर गेलेले द्रव्य परत रक्तात येते. आधी भरमसाट सलाईन चढवले असेल, तर ते फुप्फुसात साठून जीव गुदमरतो. म्हणून अशक्तपणा वाटतो एवढ्यावर कोठेही सलाईन लावून घेऊ नये. घरी तोंडाने पाणी, ताक, पेज, नारळाचे पाणी, क्षारसंजीवनी घोट घोट द्यावे. रोजा असो वा उपास, आजाऱ्याला त्यातून सूट आहे, ती त्याने घ्यावी. तापावर पॅरासिटामोल द्यावे, तेही सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्या गोळ्या किंवा इंजेक्शने कोणी आपल्या मनाने घेऊ नयेत.

आता दुसरी हकीकत सांगून आटोपते घेतो. 2024 साली कर्नाटकात डेंगीचा एवढा जोर झाला की सरकारने तो साथीचा रोग म्हणून जाहीर केला. त्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला डेंगी झाला. मुलगी कॉलेजात जाणारी. ताप आला त्या दिवशीच आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकचा आकडा घातला होता. पाचव्या दिवशी बहिणीचा फोन आला, "भाईजान, अल्लाची मेहेरबानी, ताप उतरला. आज खिचडी करते."

आम्ही विचारले, "भूक लागली म्हणते का?"

ती म्हणाली, "नाही. दुपारपासून चारदा ओकली. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणते."

"लघवीला कधी गेली?"

पलीकडे क्षणभर शांतता झाली. "सकाळी एकदा गेली होती, भाईजान."

अर्ध्या तासात आम्ही मुलीला इस्पितळात नेले. प्लेटलेट 78,000 होत्या. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक म्हणाले, "एवढ्या आहेत की! घरी न्या." पण हेमॅटोक्रिट 38 वरून 46 वर गेले होते आणि रक्तदाब 100 व 84 होता. डॉक्टरांनी तत्काळ दाखल करून घेतले आणि तासातासाला मापून पाणी दिले. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट 31,000 वर उतरल्या. बहीण रडू लागली, आणि खरे सांगायचे तर आमचेही पाय लटपटले. डॉक्टर म्हणाले, "हेमॅटोक्रिट खाली येतंय, नाडी भरली आहे, लघवी नीट होते आहे. मुलगी सुधारते आहे." त्यांनी हेही बजावले की, हेमॅटोक्रिट खाली यावे आणि रोगी मात्र अधिक खालावावा, तर आत कोठे रक्तस्राव होत असेल. येथे तसे नव्हते. तिसऱ्या दिवशी अंगावरच्या लाल पुरळाला खाज सुटली, आणि मुलीने खिचडी मागितली. प्लेटलेटची एकही पिशवी लागली नाही.

दोन्ही घरांत ताप पाचव्या दिवशी उतरला. दोन्ही घरांत ओकारी होती आणि पोटदुखी होती. फरक एवढाच की, दुसऱ्या घरात विचारावयाचे प्रश्न कोणाला तरी ठाऊक होते. ताप उतरला आणि माणूस खायला मागू लागला, लघवी मोकळी झाली, तर तो सुधारणेचा ताप. ताप उतरला आणि माणूस आणखी गळाला, तर त्याच घडीला इस्पितळ गाठावे. रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये.

डासांविषयी बोलण्यास वेळ उरला नाही. नळाचे पाणी रोज येत नसेल तर आपण पिंपे भरून ठेवणारच. ती झाकावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

विश्वस्तांना आमची एक विनंती आहे. महोत्सवाच्या खर्चातून हाताच्या पंजाएवढे एक कार्ड छापावे. वर तापाचे सात दिवस मांडलेले असावेत, खाली धोक्याच्या खुणा मराठी, उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषांत असाव्यात, आणि शेवटी ट्रस्टच्या रुग्णवाहिकेचा फोन असावा. ते घरोघर पोहोचवण्याचे काम आमच्या शाळेची मुले करतील. पहिले कार्ड त्या यंत्रमागवाल्या बापाच्या घरी आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत. त्यांचा धाकटा मुलगा यंदा आठवीत, आमच्याच वर्गात आला आहे.